उसवू नका म्हटलेला अंगरखा

या अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून सांगितलं, हौसेतून उभ्या राहिलेल्या तुमच्या व्यवसायाची यशोगाथा लिहून द्या. यशोगाथा हा शब्द ऐकला की माझे कान गरम होतात. मी म्हटलं, यशाची नाही, पण लाजेची एक गोष्ट आहे माझ्याकडे, चालेल का? त्या हसल्या. मी विनयानं बोलतेय असं त्यांना वाटलं. विनय माझ्या स्वभावात नाही, माझ्या हाताखाली शिकलेल्या कुठल्याही मुलीला विचारा. पुढचं वाचून कुणी मला नावं ठेवली तर ती खुशाल ठेवावीत. एका गावाचं नाव मात्र मी लिहिणार नाही, आणि तिथल्या माणसाचं खरं नावही नाही. का, ते शेवटी कळेल.

मी सोलापुरात एका शाळेत शिवणाची शिक्षिका होते. आमच्या शहरात शिवणाऱ्यांना तोटा नाही, गल्लोगल्ली शाळेच्या गणवेशांचे कारखाने. त्यामुळे शिवणाच्या बाईला एरवी शाळेत कोणी विचारत नाही. स्नेहसंमेलन जवळ आलं की मात्र सगळ्यांना तिची आठवण होते. तेव्हा मावळे, पेशवे, सरदार सगळे भाड्याच्या दुकानातून यायचे. चकचकीत सॅटिनचे अंगरखे, त्यावर गोंदानं चिकटवलेली जर आणि पाठीला चेन. मावळ्याच्या पाठीला चेन बघितली की माझ्या डोक्यात तिडीक जायची. एका वर्षी मी चिडून म्हटलं, काही आणू नका, मीच शिवते. मांजरपाट आणला, बंद लावले, आणि आमचे आठवीतले मावळे पहिल्यांदा माणसांसारखे दिसले.

मग ती हौस अंगात भिनली. सुट्टीत लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात, मी संग्रहालयात जाऊन काचेला नाक लावून उभी राहायची. आमचे हे वीज खात्यात होते, शांत माणूस. ते एवढंच म्हणायचे, "तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांना कपडे पुरवतेस, माझ्या सदऱ्याचं बटण कधी लावतेस?" बटण ते स्वतःच लावायला शिकले.

निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत दोन मशिनं टाकली, कापायला लांब टेबल केलं आणि दारावर पाटी लावली. मदतीला पद्माक्का आली. ही साखर पेठेतली, तेलुगू विणकरांच्या घरातली. सासरचे माग बंद पडल्यावर तिनं वर्षानुवर्षं विड्या वळल्या होत्या, आणि त्याच बोटांनी ती असा हातटाका घालायची की मशीननं मान खाली घालावी. तिची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून ती मला टीचर म्हणायची. अजून म्हणते.

गिऱ्हाईकं भेटली एकेक. आधी शाळा, मग शिवजयंतीची मंडळं, मग लग्नवाले. टेंभुर्णीच्या एका नवरदेवाला अंगरख्याला आतून मोबाइलचा खिसा हवा होता. जुन्या काळी खिसे नव्हते म्हणून मी वाद घातला, शेवटी दिला शिवून. मंगलाष्टकं चालू असताना नेमका तो फोन वाजला. दोन मित्रांनी अंतरपाटाच्या अलीकडे नवऱ्याचे सहा बंद सोडले तेव्हा कुठे तो हाताला लागला. अंगरखा जुन्या पद्धतीचाच होता, याचा पुरावा म्हणून मी ही गोष्ट पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे.

खरा दणका अकलूजला बसला. एका हौशी मंडळाच्या नाटकासाठी मी अकरा अंगरखे शिवून दिले होते. पहिल्या रांगेत बसवलं होतं मला. दुसऱ्या अंकात सेनापतीनं तलवार उपसून हात वर केला आणि दोन्ही बगला टरकल्या. आतला पांढरा बनियन दिसायला लागला. तो बिचारा पुढचे सगळे संवाद कोपर अंगाला चिकटवून म्हणाला, आणि लढाईला निघालेला माणूस थंडी वाजल्यासारखा दिसायला लागला. लोक हसून हसून लोळले. नंतर मंडळाच्या अध्यक्षांनी मला चहा दिला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "त्या काळी लोक हात वर करत नव्हते का वो, बाई?"

हा प्रश्न माझ्या वर्मी लागला. बाहेरच्या माणसासाठी सांगते. आपला शर्ट घ्या. बाही जिथं अंगाला जोडतात तिथं गोल कापलेलं असतं, त्याला आम्ही मुंढा म्हणतो. मुंढ्याचा कपडा अंगाला छान बसतो, पण हात वर केला की अख्खा कपडा वर येतो किंवा फाटतो. जुन्या लोकांचा बेत, म्हणजे कापड कापायची आखणी, वेगळा होता एवढं मला ठाऊक होतं, पण तो नेमका कसा, ते कळत नव्हतं. चित्रातली माणसं बगल दाखवत नाहीत आणि संग्रहालयवाले कपड्याला हात लावू देत नाहीत. आमच्याकडे जानेवारीच्या जत्रेत घालतात त्या बाराबंद्यासुद्धा आता शिंपी शर्टाच्या मुंढ्यावरच बेततात. दोन वर्षं मी वेगवेगळे प्रयोग केले, सगळे टरकले.

आणि एके दिवशी आबा आले.

सांगोल्याच्या पलीकडे, माळावरच्या एका गावचे. मेंढरं राखणारे धनगर, साठीच्या पुढचे, डोक्याला पांढरा पटका, खांद्यावर घोंगडं. सांगोल्याच्या एका कार्यक्रमात त्यांनी माझे कपडे बघितले होते आणि जुन्या कपड्यातलं कळणारी बाई म्हणून पत्ता विचारत आले होते. घोंगड्यातून त्यांनी एक पांढरं गाठोडं काढलं, आधी कपाळाला लावलं, मग माझ्या टेबलावर ठेवलं.

आत अंगरखा होता. आबांच्या आज्याच्या आईनं हातानं शिवलेला. त्यांच्या गावी बिरोबाची जत्रा भरते, ढोल वाजतात, पांढऱ्या कपड्यांतली माणसं हातात रंगीत रुमाल घेऊन नाचतात, आणि मधोमध घरातला मानकरी हा अंगरखा घालून नाचतो. वर्षातून तेवढा एक दिवस. बाकी वर्षभर तो देवापाशी असतो आणि लोक त्याच्यावर भंडारा वाहतात, त्याच्यापुढं डोकं टेकतात. चार पिढ्यांच्या हळदीनं कापड पार तांबूस पिवळं झालं होतं. डाव्या बगलेत दोन बोटं उसवलं होतं, तेवढं त्यांना शिवून हवं होतं.

"टाका घाला, बाई. पर उसवू नका," ते म्हणाले. "तेला आजपातूर कुणी उसवलेलं न्हाय."

मी म्हटलं, "नाही उसवत, आबा."

देवाची वस्तू परक्या घरी फार दिवस ठेवायची रीत नाही, पंधरा दिवसांनी न्यायला येतो, असं सांगून ते गेले. जाताना अंगरख्याकडं वळून बघून गेले.

पद्माक्का त्या आठवड्यात तेलंगणात लग्नाला गेली होती. ती असती तर पुढचं घडलं नसतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. म्हणजे बघा, दोष द्यायला मला ती नसलेली बाईसुद्धा पुरली.

तीन दिवस मी नुसती बघत बसले. बाही वर करून बघितली तर कपडा जागचा हलत नव्हता. बगलेत काहीतरी चौकोनी जोड होता, पण दुमडलेल्या शिवणीत तो कसा बसवलाय ते बाहेरून दिसत नव्हतं. आम्हा शिवणाऱ्यांची एक पद्धत असते. कपड्याचा बेत कळायला हवा असेल तर तो उसवायचा. मापाचा ब्लाउज उसवून त्याच्या तुकड्यांवर नवा बेतायचा. मी पंचवीस वर्षं मुलींना फळ्यावर लिहून दिलं होतं: आधी उसवा, मग पाणी मारून इस्त्री करा, मग कागदावर ठेवून पेन्सिल फिरवा.

चौथ्या दिवशी दुपारी मी चार टाके उसवले. फाटलेलंच आहे, तिथलेच चार, असं मनाशी म्हटलं. चाराचे चाळीस झाले आणि बगलेतला तो तुकडा माझ्या तळहातावर आला. साधा चौकोन, कोपऱ्यावर उभा केलेला. बाही सरळ, अंग सरळ, कुठेही गोलाई नाही, आणि मध्ये हा चौकोन. हात वर केला की तो उघडतो, खाली आणला की मिटतो. त्या बाईनं किती कमी कापडात हे साधलं होतं. मला खरं सांगायचं तर रडू आलं, इतका आनंद झाला. त्या आनंदात मी दुसरी बगल उसवली. मग कळ्या, म्हणजे घेराच्या तिरक्या पट्ट्या, किती आणि कशा जोडल्यात ते बघायला घेर उसवला. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला टेबलावर अंगरखा नव्हता, तुकडे होते.

आणि मग सवयीनं मी पाणी मारलं आणि इस्त्री फिरवली.

एवढं जुनं कापड त्याच्या शिवणींच्या जिवावर उभं असतं, हे मला कळायला हवं होतं. घडीवर ते पापडासारखं मोडलं. एका कळीचा काठ इस्त्रीला चिकटून वर आला. मी इस्त्री बंद केली आणि तिथंच स्टुलावर बसून राहिले. कागदावर मात्र सगळं उतरलं होतं. अगदी नीट.

पद्माक्का परत आली तेव्हा मी तिला नुसतं टेबल दाखवलं. तिनं बारीक सुई घेऊन एका तुकड्याला दोन टाके घातले. भोकापाशी कापड सुटलं. तिनं सुई खोचून ठेवली.

"हे आता दोरा धरत न्हाई, टीचर. सांगून टाका की त्यांना."

मी तिला पटवायला लागले. जत्रा तोंडावर आलीय, म्हाताऱ्याची गावात छी-थू होईल, चार पिढ्यांची रीत मोडेल. बोलायला मी कमी नाही. खरं कारण एवढंच होतं, की सगळं शहर मला जुन्या कपड्यातली जाणकार म्हणत होतं आणि त्या जाणकार बाईनं गणवेशाच्या सदऱ्यासारखी देवाच्या अंगरख्यावर इस्त्री फिरवली होती. मला माझी लाज झाकायची होती. पद्माक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"शिवून देते मी," ती म्हणाली. "हातात देणार न्हाई. ते येतील त्या दिवशी मी कामाला येणार न्हाई."

आणि मी तो खोटा अंगरखा केला. असं काम मी आयुष्यात त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. पद्माक्काच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या विणकराकडं हातमागावरच्या धोतराचं जुनं पान पडलं होतं, ते आणलं. आमच्याकडे नळाला पाणी पाच दिवसांनी येतं. त्या दिवशीचं सगळं पाणी मी त्या कापडाला लावलं आणि घरात प्यायला शेजारून कळशी आणली. चहाच्या पाण्यात उकळलं, बाभळीच्या सालीच्या पाण्यात बुडवलं, गच्चीवर फरशीला घासलं. मेंढरांचा वास यावा म्हणून जुन्या घोंगड्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. शेवटी स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यातली हळद घेऊन खांद्यावर आणि छातीवर चोळली. फोडणीची हळद मी देवाचा भंडारा म्हणून वापरली.

आबा आले. पद्माक्का आली नव्हती. त्यांनी अंगरखा कपाळाला लावला, मग डाव्या बगलेवरून अंगठा फिरवला.

"झ्याक झालंय. कुटं शिवलंय त्ये कळंना की."

त्यांनी पैशासाठी बंडीत हात घातला तेव्हा मी घाईनं नको म्हटलं. त्यांचे पैसे घेणं मला शक्यच नव्हतं. त्यांनी जाऊन गावभर सांगितलं, की सोलापूरची बाई देवाच्या कामाचा रुपया घेत नाही.

त्याचं फळ म्हणजे जत्रेचं बोलावणं. पहिल्या वर्षी मी तब्येतीचं निमित्त केलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी दारात जीपच पाठवली. देवळापुढं घोंगडं अंथरलेलं होतं, त्यावर मला बसवलं. खण, नारळ, हळदकुंकू. बायका एकामागून एक येऊन पाया पडायला लागल्या. एक माझ्याच वयाची बाई वाकली तेव्हा मी तिचे हात धरले, तर ती म्हणाली, पडू द्या बाई, देवाचं कापड राखलंत तुम्ही. मग ढोल सुरू झाले. आबा मधोमध आले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले, आणि माझी नजर आधी कुठं गेली असेल? बगलेकडं. शिवण जागची हलली नाही. शाब्बास गं, असं मी स्वतःला म्हटलं. सगळं गाव देवाकडं बघत होतं आणि मी माझ्या शिवणीकडं. त्यानंतर जी लाज वाटली, ती परतीच्या वाटेवर मंगळवेढा येईपर्यंत उतरली नाही.

घरी आले की मात्र ती लाज मी विसरायची. धंदा दणक्यात चालला होता. त्या चौकोनानं माझं नाव झालं. गिऱ्हाइकाला अंगरखा चढवून मी सांगायची, आता दोन्ही हात वर करा. तो करायचा आणि चकित व्हायचा. पुण्याहून मागण्या आल्या, मशिनं दोनाची पाच झाली, चार बायका कामाला लागल्या. पाटीवर मी ‘अस्सल जुन्या बेताचे अंगरखे’ असं रंगवून घेतलं. एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला तेव्हा कुणीतरी विचारलं, हा बेत तुम्हाला कसा सापडला? मी म्हटलं, बऱ्याच वर्षांच्या अभ्यासातून. पद्माक्का शेवटच्या रांगेत बसली होती. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी आली, नेहमीसारखे बंद शिवत बसली. खाई त्याला खवखवे म्हणतात. ती काही बोलत नव्हती, आणि मला दिवसभर तीच बोलल्यासारखं वाटत होतं.

मूळ अंगरख्याचे तुकडे मी एका पत्र्याच्या पेटीत पांढऱ्या धोतरात गुंडाळून ठेवले होते. कडुलिंबाचा पाला घालून. टाकवत नव्हते आणि उघडवत नव्हते.

अशी आठ वर्षं गेली. दर वर्षी जीप यायची, मी जायची, घोंगड्यावर बसायची. आठव्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आबा अचानक दुकानात आले. थकले होते. बरोबर तेच पांढरं गाठोडं. पद्माक्का मशीनवर होती. आबांची नात पंधरा दिवस इथंच, सोलापुरात दवाखान्यात होती, तापानं फणफणून. आता उतार पडला होता, दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. आबांनी अंगरखा उलगडला आणि खालचा काठ दाखवला. पार झिजला होता. मला कळेना, वर्षातून एकदा घालायचा कपडा काठालाच एवढा कसा झिजेल.

"लोक दोरं नेत्यात," आबा म्हणाले. "कुनाचं लेकरू आजारी पडलं की ह्येचा दोरा काडून हातात बांदायचा. लई गुन येतो. माज्या नातीला बी म्याच बांदला. डाक्टर म्हनला, पोरगी वाचली. म्हनलं दवाखान्यातनं आदी बाईंकडं जावं, काठ तेवडा शिवून घ्यावा."

आणि त्यांनी मला हात जोडले.

तो कपडा मी उकळलेल्या चहात बुडवला होता. त्याचा दोरा त्या पोरीच्या मनगटाला होता आणि त्यासाठी हा माणूस मला हात जोडत होता. मी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. उसवलं ते, इस्त्री, चहा, हळद, सगळं. पेटी आणून त्यांच्या पुढ्यात उघडली. बोलताना मी त्यांच्याकडं बघू शकले नाही.

आबांनी हात धुतले, पटक्याला पुसले आणि एकेक तुकडा उचलून कापायच्या टेबलावर मांडायला सुरुवात केली. डावी बाही डावीकडं, उजवी उजवीकडं, कळ्या ओळीनं. मला कागद बघूनही एवढं सांगता आलं नसतं. त्यांनी तो वीस-बावीस वर्षं अंगात घातला होता. मोडलेल्या कळीपाशी ते थांबले, तिचे दोन भाग बोटानं जवळ सरकवले, आणि छातीच्या तुकड्यावर तळहात ठेवून उभे राहिले. पद्माक्कानं मशीन कधीच थांबवलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "मग आमी आट वर्सं कुनापुडं डोकं टेकलं, बाई?"

मी टेबलावर सांडलेला कडुलिंबाचा पाला गोळा करायला लागले.

"आन पोरीच्या हातातला दोरा? काडू का ऱ्हाऊ दिऊ? तुमीच सांगा."

मागून पद्माक्का बोलली, "राहू द्या, आबा. ते सूत एका म्हाताऱ्या माणसाच्या हातचं आहे. टाके माझे आहेत. त्यात वाईट काय घातलं न्हाई. खोटं सगळं तोंडात होतं."

आबांनी तिच्याकडं बघितलं आणि मान हलवली. मग त्यांनी तुकड्यांची घडी केली, तिच्यावर माझा अंगरखा घातला आणि दोन्ही एकाच गाठोड्यात बांधले. मी म्हटलं, तो खोटा राहू द्या आबा, मी जाळून टाकते. ते म्हणाले, आता तो जाळणाऱ्या तुम्ही कोण? आठ वर्षं लोकांनी त्याच्यावर भंडारा वाहिला आहे, तो तुमचा राहिलेला नाही. मी त्यांना विचारलं, त्या बेताचे अंगरखे शिवणं बंद करू का? त्यावर ते म्हणाले, तो बेत ज्या बाईचा होता तिला विचारता येत नाही, तेव्हा तुमचं तुम्ही बघा. पण तो तुमच्या डोक्यातला आहे असं म्हणू नका.

दारात घोंगडं खांद्यावर टाकताना ते थांबले.

"गावात सांगायचं न्हाय. लोकांचा देवावरचा इस्वास जानार न्हाय, मानसावरचा जाईल. पर तुमी यायचं. दर साली. घोंगड्यावर बसायचं आन मान घ्यायचा."

"आबा, एवढं नका सांगू. मला आता ते जमणार नाही."

"म्हनूनच," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पाटी उतरवली. ‘अस्सल’ खरवडून काढलं. पाच मशिनं अजून चालतात, कारण त्यांच्यावर चार घरं चालतात, असं मी म्हणते. पाचवं घर माझं आहे हे धरायचं विसरते. बेत कसा सापडला असं कुणी विचारलं तर सांगते, एका धनगर बाईचा आहे, मी तो तिच्या घरच्यांना न विचारता घेतला. गिऱ्हाईक जरा गोंधळतं आणि मग बाहीची लांबी विचारतं. लोकांना माझ्या पापात फारसा रस नाही, ही गोष्ट पचायला मला जड गेली.

हा लेख लिहायच्या आधी मी आबांना विचारलं होतं. गावाचं नाव नको, एवढंच ते म्हणाले.

त्या दिवसानंतर तीन जत्रा झाल्या. आता अंगरखा आबांचा थोरला मुलगा घालतो. त्या अंगरख्याच्या पाठीला आतून एक पातळ अस्तर लावलेलं आहे, आणि मूळ कापडाचे धड राहिलेले तुकडे त्या अस्तराच्या आत आहेत. आबांनी पद्माक्काला गावी नेऊन देवळाच्या ओसरीवर ते शिवून घेतलं. मला त्या कामाला हात लावू दिला नाही. हे आबा, पद्माक्का आणि मी, एवढ्या तिघांनाच माहीत आहे.

यंदाही जीप आली. घोंगडं अंथरलेलं होतं. ढोल सुरू झाले, मुलानं हात वर केले, बगलेनं हात अडवला नाही. मी बघितलं नाही, ढोलाचा ठेका चुकला नाही त्यावरून मला ते कळलं. मग आबांची नात आली. चांगली उंच झालीये, मनगटात तो दोरा अजून आहे, काळा पडलेला. ती माझ्या पाया पडली. आबा देवळाच्या पायरीवर काठी घेऊन बसले होते आणि माझ्याकडं बघत होते. ते दर वर्षी बघतात, मी चुकवतेय का म्हणून. पोरीनं खण-नारळ पुढं केला, आणि मी पदर पसरला.